झाडांचा हयातीचा दाखला

माणसाला हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो, तोही पेन्शन असेल तरच. आमच्या शहरातली झाडं तो दर पंधरा मिनिटांनी देतात. प्रत्येक झाडाच्या खोडाला छातीच्या उंचीवर एक रबरी पट्टा असतो, पट्ट्यावर तंबाखूच्या डबीएवढी करडी डबी, आणि डबीच्या पोटात त्या झाडाचा नंबर. डबी खोडाला कान लावून बसते आणि जे ऐकेल ते रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबामार्फत आमच्या कार्यालयात पोचवते. कागदोपत्री तिचं नाव 'खोडश्रवण संच' असं आहे. लोक तिला चुगलखोर म्हणतात, आणि आता आम्हीही तेच म्हणतो.

मी मृणाल चौगुले, महापालिकेच्या उद्यान विभागात वृक्ष निरीक्षक. कुणाला झाड तोडायचं, फांदी छाटायची, तोडलेल्याच्या जागी नवीन लावायचं, तर कागद माझ्या टेबलावरून जातो. चोवीस वर्षांत मला दोनच प्रकारचे अर्जदार भेटले. एक, ज्यांना स्वतःच्या दारातलं झाड तोडायचं असतं, आणि दोन, ज्यांना शेजाऱ्याच्या दारातलं. झाड वाचवा म्हणणारेही येतात, पण ते बहुधा त्या झाडापासून दोन गल्ल्या लांब राहतात. त्यांच्या गाडीवर त्याचा पाला पडत नाही.

डबी काय ऐकते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. झाडाच्या आत केसाहून बारीक नळ्या असतात. पानांतून पाणी उडून जातं, तसं त्यामागचं पाणी वर खेचलं जातं. विहिरीतून दोर ओढावा तसंच, फक्त इथे दोरही पाण्याचाच. उन्हाचा किंवा किडीचा ताण फार झाला की हा दोर मध्येच तुटतो आणि 'टक्' असा आवाज होतो. तो इतका वरच्या पट्टीतला असतो की माणसाच्या कानाला लागत नाही. तहानलेलं, आजारी झाड दिवसभर असं टकटकत असतं. चुगलखोर ही टकटक मोजते. तिचं दुसरं काम म्हणजे खोडाला एका बाजूने हलकी टिचकी मारायची आणि ती पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला किती वेळात पोचते ते बघायचं. भरीव लाकडातून आवाज सरळ जातो. पोकळी असली तर त्याला वळसा पडतो आणि पोचायला उशीर होतो.

पण दोन झाडं सारखी नसतात. एका झाडाला जे साधं, ते दुसऱ्याला जीवघेणं. म्हणून यंत्र एका झाडाची दुसऱ्याशी तुलना करत नाही, तर त्याच झाडाच्या कालच्या, परवाच्या, तीन वर्षांपूर्वीच्या नोंदींशी करते. सगळं ठीक असेल तर पडद्यावर हिरवा ठिपका, हळूहळू उतरण असेल तर पिवळा, आणि झाड एकदम ढासळलं तर लाल. आतापर्यंत यंत्राने लाल सांगितलेली सत्तावीस झाडं आम्ही तोडली आणि सत्तावीसही आतून पोखरलेली निघाली. मग महासभेने नियम बदलला. लाल झाडासाठी अधिकाऱ्याची प्रत्यक्ष पाहणी ऐच्छिक केली. सरकारी कागदात 'ऐच्छिक' हा शब्द आला की समजावं, ते काम आता कुणी करणार नाही.

मला तो नियम मनापासून आवडला होता, हे कबूल करते. अकरा वर्षांपूर्वी डबी नव्हती, माझे डोळे होते. भाजी मंडईसमोरच्या एका गुलमोहोराची मी पाहणी केली, 'झाड सुस्थितीत' असं लिहून सही ठोकली, आणि नवव्या दिवशी ते झाड एका रिक्षावर आडवं झालं. रिक्षावाला वाचला, पण त्याचा डावा पाय गुडघ्यात वाकेनासा झाला. चौकशीत माझी चूक निघाली नाही. तरी तो माणूस नाक्यावर भेटतो, 'काय मॅडम, बरं हाय न्हवं?' असं हसून विचारतो, आणि त्या दिवशी मला जेवण जात नाही. डबी आली तेव्हा डोक्यावरचा हंडा कुणीतरी उतरवून घ्यावा तसं वाटलं. सही माझी असली तरी निकाल तिचा होता.

या वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पडद्यावर अकराशे शहाऐंशी नंबर लाल झाला. नकाशा उघडायची गरज नव्हती. ते झाड माझ्या मावशीच्या दारातलं होतं.

रंजनामावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आमचं गाव लांब, म्हणून आठवीपासून बारावीपर्यंत मी तिच्याच घरी राहिले, जुन्या जकात नाक्याच्या रस्त्यावर. दारात विलायती शिरिषाचं मोठं झाड. त्याच्या सावलीत खुर्ची टाकून मी दहावीची भूमिती पाठ केली आणि तिथेच मार खाल्ला. काका पाणीपुरवठ्यात होते. ते गेल्यावर मावशीने घरातच पाळणाघर काढलं. आता ती बाहत्तर वर्षांची आहे आणि तिच्याकडे चौदा पोरं असतात, सगळी तिला आजी म्हणतात. काकांची पेन्शन तिला मिळते. तिचा हयातीचा दाखला मोबाईलला तोंड दाखवून घरबसल्या देता येतो, पण मावशीला ते पटत नाही. आपण जिवंत आहोत हे माणसाने बघून सांगावं, असं तिचं म्हणणं. म्हणून दर नोव्हेंबरात मी तिला बँकेत घेऊन जाते. साहेब तिच्याकडे बघतो, ती साहेबाकडे बघते, आणि मग आम्ही दोघी समोरच्या हॉटेलात मिसळ खातो.

नोटीस मी शिपायाच्या हाती पाठवली. नियमाने ते चालतं. खरं सांगायचं तर तिच्या दारात उभं राहून 'मावशी, झाड तोडायचंय' असं म्हणायची माझी छाती झाली नाही. संध्याकाळी तिचाच फोन आला. नोटीस वाचली, मुदत कळली, एवढं बोलून तिने विचारलं, मी झाड बघायला कधी आले होते. म्हटलं, यंत्राने बघितलंय. तिने पुन्हा विचारलं, तू बघितलंस का. मी यंत्राचं महत्त्व सांगायला लागले. मधेच कधीतरी तिने फोन ठेवून दिला होता आणि मी एकटीच बोलत होते.

हरकतीची सुनावणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली. मावशी इस्त्रीची साडी नेसून आली, मला बघून न बघितल्यासारखं केलं आणि उपायुक्तांसमोर उभी राहिली.

"माझं एकच म्हणणं हाय, साहेब," ती म्हणाली. "झाड मेलं असंल तर खुशाल पाडा. मी आडवी येणार न्हाई, माझ्याकडं चौदा लेकरं असत्यात. पण ह्या मॅडमनी एकदा यावं, हात लावून बघावं, आन मग सही करावी."

तिने मला मॅडम म्हटलं. मी तेरा वर्षांची असताना जिने माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, ती मला मॅडम म्हणाली. मी मान खाली घालून नियम वाचून दाखवला, पाहणी ऐच्छिक आहे. उपायुक्तांनी हरकत फेटाळली. तोडीचा आदेश मीच लिहिला. उन्हाळ्यासाठी आमच्याकडे एक चांगलं कलम आहे. पाडकामाच्या दिवशी जवळपास मुलांची संस्था असेल तर मुलांना उन्हात न ठेवता लगतच्या हिरव्या झाडाच्या सावलीतली जागा द्यायची. मी पडद्यावर बघितलं. मावशीच्या झाडाला लागून, वीस पावलांवर, त्याच जातीचं, त्याच वर्षी लावलेलं दुसरं झाड होतं. नंबर अकराशे सत्याऐंशी, ठिपका हिरवागार. त्याच्याखाली पत्र्याच्या छपराची तालीम, जी दिवसा रिकामीच असते. मुलांना तालमीत हलवावं, असं मी लिहिलं. सही केली आणि मनातल्या मनात म्हटलं, मावशी, तुझ्या पोरांची काळजी घेतली बघ.

ज्या दिवशी झाड पाडायचं त्या दिवशी अधिकाऱ्याने हजर राहणं सक्तीचं आहे, तिथे ऐच्छिक काही नाही. सकाळी आठला मी जकात नाक्याच्या रस्त्यावर पोचले. क्रेन आली होती, रस्त्याला दोऱ्या लागल्या होत्या. मावशीच्या घराचं दार बंद होतं. पोरं तालमीत गेली होती, त्यांचा गलका ऐकू येत होता. सर्जेराव पाटोळे मुकादमाने झाडाच्या बुंध्याशी नारळ ठेवला होता. झाड तोडायच्या आधी नारळ फोडावा असं आमच्या कुठल्याही नियमात नाही, पण त्याशिवाय सर्जेरावाची माणसं करवतीला हात लावत नाहीत. त्या नारळाचा खर्च आम्ही 'किरकोळ साहित्य' या नावाखाली टाकतो.

नारळ फोडण्याआधी पट्टा काढून घ्यायचा आणि डबी भांडारात जमा करायची असते. ते काम माझं. मी खोडाशी गेले. कितीतरी वर्षांनी त्या झाडाला हात लावला. खोडाला जानेवारीत गेरू-चुन्याचे पट्टे मारले होते, मधे गेरू, वर-खाली चुना, नेहमीसारखे. मी रबरी पट्टा सोडवला, आणि हात तिथेच थांबला.

पट्ट्याखालीही गेरू होता. एकसारखा, खोडाच्या सगळ्या बाजूंनी, कुठेही मोकळी जागा न सोडता.

आता याचा अर्थ समजायला माझं एक परिपत्रक ठाऊक असावं लागतं. गेल्या वर्षी रंगाऱ्यांनी डब्यांवरूनच चुना फासला होता आणि दीडशे डब्या बहिऱ्या झाल्या होत्या. म्हणून डिसेंबरात मी परिपत्रक काढलं, 'रंगकाम करताना संचास रंग लागता कामा नये, लागल्यास संबंधितावर कारवाई केली जाईल.' मला वाटलं होतं रंगारी डबीच्या कडेकडेने रंगवतील. पण पट्ट्याखाली रंग आहे म्हणजे पट्टा काढला होता, आणि रंग वाळल्यावर परत बांधला होता.

मी मोबाईल डबीसमोर धरला. पडद्यावर नंबर आला. अकराशे सत्याऐंशी, हिरवा.

क्षणभर मला वाटलं, डबी बिघडली. मग मी रंगारी यशवंत माने याला फोन लावला. सज्जन माणूस, चौदा वर्षांत एक दिवस खाडा नाही. मी विचारलं, जकात नाक्याच्या रस्त्यावर डब्यांचं काय केलंस.

"काढल्या की, मॅडम," तो म्हणाला. "तुमचंच परिपत्रक हाय न्हवं? दोन-दोन झाडं घ्यायची, दोन्ही पट्टं काढून सायकलच्या हँडलला अडकवायचं, रंग वाळला की परत बांधायचं. एका डबीला थेंब लागू दिला न्हाई मी."

विचारलं, कुठला पट्टा कुठल्या झाडाचा, हे कसं लक्षात ठेवलंस.

"त्ये कशाला लक्षात ठेवायचं?" तो म्हणाला. "दोन्ही सारख्याच असत्यात की."

नंबर डबीच्या पोटात आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. परिपत्रकात रंगाबद्दल लिहिलं होतं, पट्ट्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

सगळं डोक्यात उलगडायला फार वेळ लागला नाही. दोन झाडं शेजारी-शेजारी. मावशीचं ठणठणीत, तालमीवरचं गेली तीन वर्षं हळूहळू उतरणीला लागलेलं, पिवळं. जानेवारीत पट्टे बदलले. मावशीच्या झाडाची डबी तालमीच्या झाडावर गेली आणि तिला वाटलं, अरे, काल एवढं भरीव असलेलं माझं झाड आज पोकळ कसं. दोन महिने ती ऐकत राहिली आणि मार्चमध्ये तिने लाल सांगितलं. तालमीची डबी इकडे आली आणि तिला वाटलं, माझं आजारी झाड बरं झालं. तिने हिरवा ठिपका दिला. झाड बिघडलं तर काय करायचं याला आमच्याकडे अकरा नमुने आहेत. एखादं झाड कारण नसताना एका आठवड्यात बरं झालं तर काय करायचं, याला एकही नमुना नाही. त्यामुळे तिकडे कुणी बघितलंच नाही. यंत्राने दोन्ही वेळा जे ऐकलं ते खरंच सांगितलं होतं.

म्हणजे लाल झाड हे नव्हतंच. लाल झाड वीस पावलांवर होतं आणि त्याच्याखाली पत्र्याच्या छपरात चौदा पोरं बसली होती. मीच बसवली होती, सहीशिक्क्यानिशी.

मी धावले. पन्नाशीची बाई साडीत जशी धावते तशी. सर्जेराव मागून काय झालं म्हणून विचारत होता, त्याला हातानेच खूण केली.

तालमीत सतरंज्या अंथरल्या होत्या आणि मावशी पोरांना उप्पीट वाढत होती. मला दारात बघून तिने डाव खाली ठेवला नाही. मी म्हटलं, मुलांना बाहेर काढ, आत्ताच्या आत्ता.

"आता इथनंबी उठायचं?" ती म्हणाली. "मॅडम, तुमच्या कागदात हीच जागा लिवलीया."

मला धाप लागली होती. खोटं बोलून वेळ वाचला असता, साप निघाला म्हणता आलं असतं. पण तिच्या डोळ्यांसमोर ते जमेना.

"कागद चुकलाय, मावशी. मी चुकले. पडणारं झाड हे आहे. तुझं नाही."

तिने डाव पातेल्यात टाकला, खुंटीवरची गाठी मारलेली जुनी साडी काढली आणि एक शिट्टी फुंकली. पाळणाघरातली पोरं बाहेर निघताना एका लांब साडीच्या गाठी धरून चालतात, एक गाठ एक पोर. एकाचीही गाठ सुटली नाही. एक धाकटी उप्पिटाची ताटली घ्यायला परत वळली, तिला मी काखोटीला मारलं. चौदा गाठी, चौदा पोरं, मी दारात तीनदा मोजली.

बाहेर ऊन रणरणत होतं. सावली कुठे होती तर मावशीच्या दारात. ज्याच्या बुंध्याशी नारळ ठेवला होता, ज्याच्यावर क्रेनचा हात रोखलेला होता, त्याच झाडाखाली. मावशी रस्त्याच्या मधोमध थांबली.

"ह्याच्याखाली बसवू पोरास्नी?"

मी परत खोडाशी गेले. डबीचा सकाळपर्यंतचा हिशेब मोबाईलवर बघितला. नंबर कुणाचाही असो, मी पट्टा सोडवेपर्यंत ती याच खोडाला कान लावून होती आणि खोड भरीव होतं. मग डबी बाजूला ठेवून मी माझं काम केलं, जे मला चोवीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं आणि डबी आल्यापासून मी टाळलं होतं. मुळांची माती बघितली, साल दाबून बघितली, बुंध्याला अळंबी आहे का ते वाकून बघितलं, फांद्यांच्या बेचक्यात नजर टाकली. सर्जेरावाच्या हातोडीने खोड सगळीकडून ठोकलं. रिक्षावाल्याचा पाय डोळ्यांसमोर होता.

"बसव," मी म्हटलं.

"सही करशील?"

"करते."

आणि तिथेच तोडीच्या आदेशाच्या पाठीवर मी लिहिलं, झाड प्रत्यक्ष पाहिले, सुस्थितीत आहे, तोड रद्द. खाली सही, तारीख, वेळ. आदेश रद्द करायला मला अधिकार नाही हे मला ठाऊक होतं. सर्जेरावालाही ठाऊक होतं. त्याने कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि क्रेनवाल्याला सांगितलं, गाडी फिरव.

तालमीच्या झाडाजवळ जाऊन आम्ही ते ठोकलं तेव्हा आतून रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. पडद्यावर मात्र सत्याऐंशी अजून हिरवाच होता, त्यामुळे तातडीच्या तोडीचा आदेश निघेना. कार्यालयातला मुलगा मला फोनवर तीनदा म्हणाला, मॅडम, सिस्टीम घेत नाही. अकरा वाजता उपायुक्तांशी बोलले. ते म्हणाले, लेखी द्या. मी लेखी दिलं. तोवर सर्जेरावाने आपल्या हिमतीवर रस्ता दोन्हीकडून बंद केला, समोरच्या दुकानदारांना उठवलं, आणि तालमीच्या वस्तादांना हात जोडून लांब बसवलं. ते कुरकुरत होते, पण बसले.

दुपारी चारच्या सुमाराला वळवाचा वारा सुटला. पाऊस नव्हता, नुसतं वारं आणि धूळ. त्या झाडाची तालमीकडची मोठी फांदी कसलाही आवाज न करता थोडी खाली आली, थांबली, आणि मग खोडाच्या अर्ध्या भागासकट छपरावर कोसळली. पत्रे कागदासारखे दुमडले. धूळ बसल्यावर आम्ही बघितलं तर आत सतरंज्या तशाच अंथरलेल्या होत्या, त्यांच्यावर फांदी होती, आणि कडेला उप्पिटाचं पातेलं चेपून सपाट झालं होतं. माणूस एकही नाही. कुत्रंसुद्धा नाही.

मी रस्त्यावर फतकल मारून बसले आणि रडले. भर रस्त्यात, सगळ्या वस्तीसमोर, मोठ्यांदा. आनंदाने म्हणा, भीतीने म्हणा. अकरा वर्षांचं साचलेलं होतं, ते सगळं निघून गेलं. सर्जेराव बाजूला उभा राहून क्रेनकडे बघत राहिला. नंतर त्याने तो सकाळचा नारळ मावशीच्या झाडाशी फोडला, वाचल्याबद्दल, आणि खोबरं पोरांना वाटलं. नारळाचा खर्च मात्र 'किरकोळ साहित्य' मध्येच पडला.

पुढचं थोडक्यात. मला कारणे दाखवा नोटीस आली. त्यातला अधिकाराबाहेर आदेश रद्द केल्याचा मुद्दा मी मान्य केला. परिपत्रक अर्धवट लिहिल्याचा मुद्दा त्यांनी घातला नव्हता, तो मीच घातला. एक वेतनवाढ थांबली. त्या रस्त्यावरचं प्रत्येक झाड आम्ही पायी फिरून तपासलं, यशवंत माने बरोबर होता आणि माझ्याहून जास्त घाबरलेला होता. पंचेचाळीस जोड्यांचे पट्टे अदलाबदल झालेले निघाले. आता नंबर डबीवरही असतो आणि खोडावरही, मोठ्या अक्षरात. नियमातला 'ऐच्छिक' शब्द गेला. आणि एक बारावा नमुना आला, जो मी स्वतः लिहिला. झाड कारणाशिवाय सुधारल्यास अधिकाऱ्याने जाऊन बघावे. लोक हसतात त्या नमुन्याला. हसू देत.

यंत्रावर माझा राग नाही. त्याच्याइतकं कान देऊन झाडाचं कुणी ऐकत नाही. फक्त ते कुणाचं ऐकतंय, हे बघायला माणूस जावा लागतो.

तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची, असा आमचा नियम आहे. तालमीचं झाड एकसष्ट वर्षांचं होतं. एकसष्टपैकी चौदा रोपं मावशीच्या पोरांनी लावली, उरलेली सर्जेरावाच्या माणसांनी. तालमीला नवीन छप्पर मिळालं. त्या जागी कडुलिंब लावलाय, अजून माझ्या कमरेएवढाच आहे.

मावशी मात्र या सगळ्यात माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होती. रोपं लावताना आली, पाणी घातलं, गेली. मीही फार काही बोलले नाही. एवढं सगळं झाल्यावर माफी कशी मागतात, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या तीन तारखेला सकाळी फोन वाजला.

"काय गं," मावशी म्हणाली. "माझ्या दाखल्याला येणार हायस का शिपाई पाठवतीस?"

मी अर्ध्या तासात तिच्या दारात होते. शिरीष तसाच उभा, खाली पोरांचा गोंधळ, खोडावर पांढऱ्या रंगात मोठा नंबर. मावशी इस्त्रीची साडी नेसून तयार होती. बँकेत साहेब नवीन होता, तरुण. त्याने मान वर न करता मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, आजी, यात बघा, होऊन जाईल. मावशीने मोबाईल बाजूला सारला.

"आधी माझ्याकडं बघ, बाबा," ती म्हणाली. "नंबर मागनं बघ. न्हाईतर दुसऱ्याच म्हातारीला जिवंत ठेवशील आन मला पाडशील."

साहेबाला काही कळलं नाही. त्याने वर बघितलं, तिच्या तोंडाकडे, नीट. मग सही केली. मावशी माझ्याकडे वळली, तिला हसू आवरत नव्हतं आणि मलाही. मिसळीचे पैसे तिने दिले.